कोलोन: जिथे प्रत्येक बोटीला माल उघडावा लागे

१. शोभाकाकूंनी रियाधमध्ये माझ्याकडे आपल्या मुलासाठी भडंगाचा डबा दिला.
२. मी तो कोलोनला नेऊन त्याच्या हातात दिला.
३. त्यानं आईसाठी एक निरोप दिला. तो खरा नाही, म्हणून मी पोचवलेला नाही.
४. येत्या रविवारी काकू नोकरीचा करार दोन वर्षांनी वाढवणार आहेत.

आता प्रवास, जायचा विचार असणाऱ्यांसाठी.

मी रियाधच्या ओलाया भागातल्या एका कार्यालयात पेट्रोकेमिकल प्रकल्पांची ड्रॉइंग्ज तपासते. त्यातले कितीतरी पंप ऱ्हाईनकाठच्या कारखान्यांतून येतात, म्हणून ती नदी पाहायची होती. शेंगेन व्हिसा रियाधहून मिळतो. इकाम्याची, म्हणजे इथल्या निवास परवान्याची मुदत परतीनंतर निदान तीन महिने शिल्लक हवी. एक्झिट-रीएंट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याचा परवाना, आधीच काढा.

इथून कोणीही निघालं की त्याच्या बॅगेत दुसऱ्याचा डबा असतोच. काकू मूळच्या सांगलीच्या, इथे सरकारी रुग्णालयात नर्स. बत्हा बाजारातल्या बसथांब्यावर त्या डबा घेऊन उभ्या होत्या.

"उघडून दाखवा," मी म्हटलं. "दुधाचं काही असलं तर तिकडे काढून घेतात."

"शेजारीण आहेस का कस्टमवाली?" त्यांनी झाकण काढलं. "भडंग आहे गं, भांग नव्हे. तिखट कमी घातलंय, त्याचे जर्मन मित्र खातील म्हणून."

मग करार वाढवण्याचं बोलल्या. "त्याचं मास्टर्स होईपर्यंत थांबते. गुडघे काय, सांगलीतही दुखतीलच."

फ्रँकफर्टहून कोलोन वेगवान गाडीनं साधारण तासाभरावर आहे. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. स्टेशनबाहेर पडताच समोर ते प्रचंड चर्च येतं, पण मी सरळ नदीवर गेले. शहर रोमनांनी वसवलं, वाढवलं मात्र नदीनं. इथून वर पात्र उथळ आणि खाली खोल, त्यामुळे माल एका प्रकारच्या बोटीतून दुसऱ्या प्रकारच्या बोटीत हलवावाच लागे. शहरानं त्या अडचणीचा कायदा केला: येणाऱ्या प्रत्येक बोटीनं माल धक्क्यावर उतरवायचा, उघडायचा आणि आधी तीन दिवस इथल्या लोकांना विकायला ठेवायचा. व्यापाऱ्यांचा चरफडाट झाला असणार. शहर त्यावर श्रीमंत झालं.

जेवणाची सूचना: मेन्यूत 'अर्धा कोंबडा' अशा अर्थाचं नाव दिसलं तर शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. पाव आणि चीज येतं.

दुसऱ्या दिवशी पाणी कमी होतं. बोटी अर्ध्याच भरून जात होत्या; पूर्ण भरल्या तर तळाला टेकतात. त्या बघत असताना काकूंचा मुलगा आला. विद्यापीठात भेटू नको, नदीवरच ये, असं त्यानंच कळवलं होतं. अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, पायांत सेफ्टी बूट. बुटांची टोकं घासून आतलं पोलाद दिसत होतं.

"पार्ट-टाइम?" मी विचारलं.

"नाही ताई. फुलटाइम. बंदरात कंटेनर उतरवतो. कॉलेज सोडून वर्ष झालं."

"काकूंना माहीत आहे?"

त्यानं मी दिलेला डबा उघडला आणि मूठभर भडंग तोंडात टाकलं. "तिखट कमी का केलंय तिनं?"

"तुझ्या जर्मन मित्रांसाठी."

तो हसला. "मित्र कुठले?" मग म्हणाला, "आईला सांग, थीसिस चालू आहे."

"खोटं सांगणार नाही."

"मग काहीच सांगू नकोस. तुझा ब्लॉग वाचतो मी. तिथे शब्द मोजून लिहितेस ना? तसंच बोल."

परत आले त्या संध्याकाळी काकू दारात होत्या. "कसा आहे? वाळलाय का?"

"नाही. तिथेच मूठभर खाल्लं त्यानं."

"आणि थीसिस?"

"तोच सांगेल," मी म्हटलं.

रात्री तुला फोन केला. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, पण हा ब्लॉग वाचतोस, म्हणून इथे लिहिते. काकूंचं नाव बदललं आहे आणि त्या हा ब्लॉग वाचत नाहीत. कॉलेज सोडलंस यावर मला काही म्हणायचं नाही. बंदरातलं काम चांगलं आहे. पण त्या दोन वर्षं ज्यासाठी देणार आहेत, ते आता नाही.

आज बुधवार. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत आईला फोन कर आणि मला इथे एक ओळ लिही. ती ओळ आली नाही तर रविवारी त्यांनी सही करण्याआधी मी पाहिलं ते त्यांना सांगेन. उत्तराची वाट पाहते.