रऊफभाईंचं आयुष्य वाढलं

रऊफभाई गेल्याची बातमी मी ज्या ज्या रेडिओवाल्याला कळवली, तो आधी हसला. "गुरुजी, किती वाढवता त्यांचं आयुष्य," असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, द्या त्यांच्याकडंच फोन, मीच विचारतो वर हवा कशी आहे म्हणून. मी शपथ घेतली. तेव्हा मग एकेकाला कळत गेलं... माणूस गेलाय हे शपथेवर सांगावं लागावं, असं मरण वैऱ्यालाही येऊ नये. पण या थट्टेची सुरुवात आमच्याच संमेलनात झाली होती, त्यामुळे हसणाऱ्यांना दोष तरी कसा देऊ.

आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात सेट मांडायचा, गच्चीवर खांब उभा करून तार ताणायची आणि लांबलांबच्या माणसांशी बोलत बसायचं. शेजाऱ्यांना हा रिकामटेकडेपणा वाटतो आणि घरच्यांची तर त्याबद्दल खात्रीच असते. मी टेंभुर्णीचा, शाळेतून निवृत्त झालेला. रऊफभाईंचं घनसावंगीला पंपाच्या सामानाचं दुकान. जालना जिल्ह्याच्या या टोकाला मी, त्या टोकाला ते. आधी आवाजाची मैत्री झाली, चेहरा फार नंतर पाहिला. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "गुरुजी, आवाजावरून तर तुम्ही चांगले धष्टपुष्ट वाटून राह्यलते." रेडिओवर एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नसतं, आणि आपलं संपलं की ‘ओव्हर’ म्हणून दुसऱ्याला वाट द्यायची असते. रऊफभाईंनी हा नियम घरातही लागू केला होता. आतल्या खोलीकडं तोंड करून ते म्हणायचे, "शमीम, चहा. ओव्हर." शमीमभाभी आतून उत्तर द्यायच्या, "दूध न्हाई. ओव्हर."

दर रविवारी सकाळी आम्ही सगळे एका ठरलेल्या लहरीवर जमतो. अंबडचे जोगदंड एकेकाचं नाव पुकारतात, ज्यानं त्यानं हजेरी द्यायची. दिवाळीनंतर रऊफभाईंची हजेरी बंद झाली. वाऱ्यानं खांब पडलाय, असं त्यांनी मला सांगितलं. खांब पडला होता हे खरं, पण ज्या माणसानं भर उन्हात दहादा तो खांब उभा केला असेल, तो आता महिनोन्महिने का करत नाही, हे मला विचारायला सुचलं नाही. ते भाभींनी सांगितलं. चार पायऱ्या चढल्या की भाईंना दम लागत होता, छातीवर कुणी बसल्यासारखं होत होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीसाठी संभाजीनगरला जायला सांगितलं होतं. तारीख मिळाली होती सोमवारची, आणि त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी जालन्यात आमचं संमेलन होतं. "आधी संमेलन, मंग छाती," असं त्यांनी भाभींना बजावलं होतं.

जालन्यात एका मंगल कार्यालयात संमेलन भरलं होतं. जिथं लग्नाच्या पंगती बसतात तिथं टेबलं लावून सेट मांडलेले, वायरींचं जाळं पसरलेलं, पोह्यांच्या वासात वायरींना डाख लावल्याचा, म्हणजे सोल्डरिंगचा वास मिसळलेला. मी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. रऊफभाई काळीपिवळी जीपनं आले, तेही उशिरा, आणि रस्त्यापासून चालत येईपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात जोगदंडांनी माईक हातात घेतला. आमच्यात माणूस गेला असं म्हणत नाहीत, ‘सायलेंट की’ झाला म्हणतात. की म्हणजे मोर्सचे ठोके द्यायची कळ. ती कायमची थांबली, एवढाच अर्थ. वर्षभरात अशा थांबलेल्यांची नावं वाचून दोन मिनिटं उभं राहायची आमची रीत आहे. हॉल उठून उभा राहिला. जोगदंड नावं वाचत गेले आणि शेवटचं नाव त्यांनी वाचलं, "घनसावंगीचे आपले सर्वांचे लाडके रऊफभाई."

मी तोंड उघडणार तोच रऊफभाईंनी माझं मनगट दाबलं. "थांबा, चालू आहे त्यांचं," एवढंच पुटपुटले, आणि सगळ्यांबरोबर मान खाली घालून स्वतःसाठी उभे राहिले. मला हसावं का ओरडावं कळेना. त्या शांततेत एकच आवाज होता, रऊफभाईंच्या श्वासाचा. जुन्या भात्यासारखा तो ओढत ओढत येत होता. मला तेव्हाच भीती वाटली. हे नुसतं चुकलेलं नाव नाही, असं मनात आलं, पण असल्या गोष्टी शिकल्यासवरल्या माणसानं बोलायच्या नसतात.

"बसा," असं जोगदंड म्हणाले, तेव्हा माझ्या शेजारून रऊफभाईंचा खणखणीत आवाज आला, "घनसावंगी हजर आहे. ओव्हर."

पुढं जे झालं ते काय सांगावं. हॉल टाळ्या वाजवत हसून हसून कोसळला. जोगदंड रडवेले होऊन धावत आले आणि पायाच धरायला लागले. एवढे दिवस हजेरी नाही, फोन लावला तर बंद, दवाखान्यात नेल्याचं कुणीतरी सांगितलं, त्यावरून त्यांनी पुढचं जुळवलं होतं. "अहो, उठा. तुमची काय चूक, आमचा फोनच मुर्दा पडलेला राहतो," असं म्हणत रऊफभाईंनी त्यांना उठवलं. मग जो तो येऊन मिठी मारायला लागला. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे आपल्याकडं कोण म्हणत नाही. प्रत्येकानं तेच म्हटलं. पाहुण्यांसाठी आणलेला हार कुणीतरी त्यांच्याच गळ्यात घातला आणि फोटो काढला. हार घातलेले रऊफभाई हसत होते. मी तो फोटो पुन्हा उघडून पाहिलेला नाही.

दुपारी गच्चीवर नव्या अँटेनेचं प्रात्यक्षिक होतं. तिसऱ्या पायरीवर रऊफभाई बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." मी गेलो नाही, त्यांच्याशेजारीच बसलो.

"सोमवारी मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"आता कशाला? हॉलभर लोकांनी उभं राहून आयुष्य वाढवलंय माझं. ते काय फुकट जाऊ देऊ?"

"रऊफभाई, चेष्टा पुरे. दोन पायऱ्या चढवेनात तुम्हाला."

"गुरुजी, सिझनचे दिवस आहेत. पुढच्या महिन्यात बराबर जाऊ. बिलकुल जाऊ."

मी चिडलो, वाटेल ते बोललो. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "झालं? ओव्हर?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं.

रविवारी संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो, ते त्यांचा हा नकार भाभींच्या कानावर घालावा म्हणूनच. पण मला बोलू न देता त्यांनी स्वतःच सगळा किस्सा रंगवून सांगितला. भाभींच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "ऐसी बात घर में नक्को लाते जी," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी संकट टळावं म्हणून सदका काढला, गरिबाच्या घरी धान्य पाठवलं आणि मग हात जोडून नवऱ्याला म्हणाल्या, आता तरी दवाखान्यात चला. रऊफभाई हसले. आपण वायरी-तारा जोडणारी माणसं, बदशगुन वगैरे मानत न्हाई, म्हणाले. हेच मला आजतागायत गिळता येत नाही. अपशकुन मानत नाही म्हणणारा हा माणूस, आयुष्य वाढल्याचा शकुन मात्र घट्ट धरून बसला. डॉक्टरपेक्षा आमच्या टाळ्यांवर त्यांनी भरवसा ठेवला. कारण टाळ्यांना घाबरायचं कारण नव्हतं, दवाखान्याला होतं. दवाखान्याची फाइल त्यांनी सेटवर ठेवून दिली, सेटला धूळ लागू नये म्हणून.

दुकानातल्या माणसांनी खांब उभा करून दिला आणि पुढच्या रविवारी रऊफभाई पुन्हा हवेत आले. आवाज असा, की मलाच वाटलं, आपण उगीच घाबरलो. लोक नुसते तुटून पडले. "वरून बोलून राह्यले का, भाई?" तेही म्हणायचे, "न्हाई, वर गेल्तो, पण तिथं जागा न्हाई म्हणाले." जोगदंड आता हजेरीत त्यांचंच नाव पहिलं घ्यायला लागले होते. असे काही रविवार मजेत गेले. सोमवार मात्र नुसते येत राहिले.

त्या रविवारी त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा उत्तर यायला उशीर लागला. मग आवाज आला, "हजर आहे... जरा दम लागून राह्यलाय. मी मंग..." आणि खरखर. त्यांनी ओव्हर म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते ओव्हर म्हणायचं कधी विसरले नव्हते. मी माईक हातात धरून बसलो. त्यांचं बोलणं संपलेलं नाही तर मध्ये बोलायचं कसं, म्हणून सगळेच थांबले होते. शेवटी जोगदंड हसत म्हणाले, "काय रऊफभाई, पुन्हा गेलात काय?" आणि चार-दोन जण हसले.

ते हसणं भाभींनी आतून ऐकलं. हाताचं पीठ पुसत त्या बाहेर आल्या, तेव्हा रऊफभाई खुर्चीतच होते, मान टेबलावर टेकलेली. हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. जोगदंडांना मी अजून सांगितलेलं नाही. हा लेख ते वाचतील तर वाचोत. जोगदंड, तुमचा दोष नव्हता, पण हे ओझं मला एकट्याला पेलवेना.

चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी निरोप पाठवला होता, की सेट घेऊन जा आणि खांबही उतरवा. मी रविवारी सकाळीच पोचलो. सेट चालू होता. त्याच्यावरची फाइल तशीच होती, तिला भाभींनी हात लावलेला नव्हता. जोगदंडांनी एकदा जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं, त्यामुळे आता खरंच गेलेल्याचं नाव काढायला त्यांची जीभ धजत नाही. अजूनही हजेरीत पहिलं नाव रऊफभाईंचंच असतं.

"नाव पुकारतात भाऊ, मंग थांबतात," भाभी म्हणाल्या. "इतके लोक, पण कोणीच मध्ये बोलत न्हाई."

मी खांब सोडायला आणलेला पाना पिशवीतच ठेवला. जोगदंडांनी नाव घेतलं आणि ते थांबले. त्या दिवशी हॉलमधल्या शांततेत श्वास तरी ऐकू येत होता. मी कान देऊन बसलो, तर नुसती खरखर. भाभींनी पुढं होऊन आवाज थोडा मोठा केला.