काटा अमरावतीले जातानाच चढते

गॅरेजात दोन गोष्टी कधी सरत नाहीत. गाडी पूर्ण जोडल्यावर उरलेले दोन बोल्ट, अन् गिऱ्हाईक गेल्यावर उरलेला किस्सा. बोल्ट मी डब्यात टाकतो. किस्से आमचे वायरमन रज्जाकभाई चहाच्या टपरीवर नेऊन टाकतात. अकोल्यात इतकी वर्षं गाड्या खोलून राहिलो, पण सुधाकर गुरुजीच्या जुन्या पांढऱ्या गाडीनं जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या सगळ्या गाड्यांनी मिळून नाही दिले.

*

गुरुजी लग्नं लावतात. अकोला, अमरावती, वरूड, बोलावलं तिथं जातात. पहिल्यांदा आले तेव्हा बाजूले त्यांच्या बायको, म्हणजे काकू, बसल्या होत्या, मागे पूजेचं सामान, अन् सामानावर गुरुजीचा लाडका माईकवाला स्पीकर.

"गजाभाऊ, टेम्परेचरचा काटा वर-खाली होते. अमरावतीले जाताना चढते, येताना गप राहते."

रज्जाकभाई म्हणाले, "गाडीचं सासर असंल तिकडे."

काकू आतूनच बोलल्या, "यांच्या माईकनं चढते काटा."

सगळे हसले. गुरुजीही हसले. मी तर बोनेट धरून हसलो.

*

रेडिएटरचं झाकण काढलं तर आत तांदूळ. लाल, कुंकू लावलेले. मग एक सुपारी वर आली.

"गुरुजी, हे काय आहे?"

"गाडी तापली का कलशातलं पाणी ओततो. ते फेकता येत नाही, झाडाले घालावं लागते."

"मग झाडाले घाला ना!"

"हायवेवर झाड ठेवलं कुठी?"

इंजिनची गर्मी सांभाळणारा थर्मोस्टॅट पाहायले गेलो तर तो जागेवरच नाही. बार्शीटाकळीच्या कोण्या मिस्त्रीनं काढून फेकला होता. आपल्याकडे येवढं ऊन, त्याचं काय काम, असं हे आपलं वऱ्हाडी इंजिनिअरिंग. मी रेडिएटर धुतला, नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं अन् सुपारी गुरुजीच्या हातात दिली.

*

तरी काटा चढलाच तर हीटर लावा, इंजिनची गर्मी आत ओढल्या जाते, असं मी सांगून ठेवलं होतं. गुरुजीनं ते ऐन वैशाखात केलं. गाडीत नवरदेवाचे काका होते, फेटा बांधून. मूर्तिजापूरले ते उतरले अन् एस्टीत जाऊन बसले.

"उतरताना पाया पडले बिचारे," गुरुजी सांगत होते. "म्हणाले, होम गाडीतच झाला."

*

मी पाण्याचा पंप बदलला. फॅनचा स्विच बदलला. काट्याचा सेन्सर बदलला. दर खेपेले स्वतः बोरगाव मंजूपर्यंत गाडी पळवली, काटा मधातून हलला नाही. गुरुजी घेऊन गेले का दुपारी फोन, "चढला."

रज्जाकभाई एकदा म्हणाले, "मी वायरिंग पाहू का?"

मी म्हटलं, "गर्मीचं काम आहे, तुमचं काय त्यात?"

हे वाक्य ते आजही मले चारचौघात ऐकवतात.

*

वरूडच्या लग्नाले जाताना गाडी थंड करायले गुरुजी चार वेळा थांबले. पोचले तर मुहूर्त टळू नये म्हणून पोरीवाल्यांनी मोबाईलवर मंगलाष्टकं लावून टाकली होती. मधात एकदा गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरातही झाली म्हणे, तिच्यावरही लोकांनी अक्षता टाकल्या.

नवरीचा बाप म्हणाला, "गुरुजी, आता जेवूनच घ्या."

मी हसत होतो. गुरुजी हसले नाहीत. "गजाभाऊ, पंधरा दिवसांनी माह्या पोरीचं, सईचं लग्न आहे, अमरावतीले. तिची मंगलाष्टकं मले म्हणायची आहेत. तिथंही मोबाईल नको वाजायले."

मले लय वाईट वाटलं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी येतो तुमच्यासंग."

*

लग्नाच्या दिवशी सई पाहुण्यांसंग आधीच पुढे गेली होती; गाडीत समोर गुरुजी अन् काकू, मी मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याची कॅन. मूर्तिजापूर गेलं अन् काटा चढायले लागला. गुरुजीनं गाडी कडेले घेतली. मुहूर्ताले दीड तास उरलेला. मी बोनेट उघडलं, रेडिएटरच्या पाइपावर हात ठेवला. इंजिन रोजच्याइतकंच गरम.

परत येऊन काट्याकडे पाहिलं. बाजूचा पेट्रोलचा काटाही वर गेलेला. निघताना अर्धी टाकी होती, आता फुल्ल.

"गुरुजी, पेट्रोल वाढलं!"

"ते तर जाताना नेहमीच वाढते."

"मग सांगितलं कावून नाही?"

"चांगल्या गोष्टीची तक्रार कोन करते?"

काकूनं हात लांबवला अन् लायटरच्या सॉकेटातून माईकच्या चार्जरची पिन उपटली. दोन्ही काटे मुकाट्यानं खाली आले. डॅशबोर्डाची अर्थिंग ढिली होती, म्हणून चार्जर लावला का दोन्ही काटे खोटेच चढत. जाताना माईक चार्जिंगले राहे, येताना कोन लावते?

"मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?" काकूनं विचारलं. या खेपेले कोणी हसलं नाही.

मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी पोचलो. गुरुजी अंतरपाटाजवळ उभे राहिले, माईक हातात घेतला, अन् दुसऱ्याच मंगलाष्टकाले तो बंद पडला. चार्जिंग कुठी झाली होती? मांडवात कोणीतरी मोबाईल काढला. गुरुजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, माईक खाली ठेवला अन् नुसत्या गळ्यानं सगळी मंगलाष्टकं म्हटली. पार मागे, आचाऱ्यापर्यंत आवाज गेला.

हार घालून झाल्यावर सई डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज येवढा मोठा आहे, मग माईक कावून लावता?"

काकू म्हणाल्या, "गाडी तापवायले."