व्याह्यांनी वगळलेला विषय

एकच गोष्ट दोनदा करणं म्हणजे मोठं पाप, असं मानून म्हातारा झालेला माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझी शाळा चौथीत सुटली, पण माणसं मी पुष्कळ पाहिली. असा नमुना पाहिला नाही. एक जानेवारीला सकाळी यांचा फोन येणार. "विहीणबाई, नवीन वर्षाच्या, संक्रांतीच्या, पाडव्याच्या, गणपतीच्या, दिवाळीच्या शुभेच्छा. तुमचा वाढदिवस कधी असतो? त्याच्यापण." की झालं वर्षभराचं. माझ्या मुलाचं त्यांच्या मुलीशी जमलं, तेव्हा साखरपुडा, हळद, लग्न सगळं मुलुंडच्या एका हॉलमध्ये एका दिवसात उरकायला लावलं. पाहुण्यांनी परत परत कशाला यायचं, म्हणे. आमच्या लोकांच्या पानात साखरपुड्याचा पेढा आणि लग्नाची जिलेबी शेजारी शेजारी. पाठवणीला हॉल रडत होता आणि मुलीचा बाप कोरडा ठणठणीत! मी बघतच राहिले. विचारलं तर म्हणाले, "सकाळी हळदीला रडून घेतलं ना मी. आता परत कशाला?"

माझे यजमान गेले तेव्हा व्याही समाचाराला आले ते तेराव्यापर्यंत हललेच नाहीत. यांचं घर मुलुंडला, आमचं नाहूरला, मध्ये एक स्टेशनसुद्धा नाही. पण "जायचं आणि परत यायचं कशाला" म्हणून आमच्या सोफ्यावर झोपले. आल्या-गेल्याला चहा करून दिला, कपबश्या विसळल्या. बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी भिंतीकडे. तेव्हा मला इतका राग आला होता! आता येत नाही.

आमची दोघांची नात एकच. दहावीला चांगले मार्क पडले आणि पोरीनं जाहीर केलं, मी डॉक्टर होणार. व्याह्यांना आनंद झाला. माझ्यासमोर एकदाच झाला, कारण परत आनंद व्हायची त्यांना सवय नाही. पोरीचे आईबाप दोघंही नोकरीवाले, तेव्हा अकरावीचं सगळं व्याह्यांनी अंगावर घेतलं. आठवड्यानं येऊन विजयी चेहऱ्यानं सांगितलं, "कॉलेजात बायोलॉजी सोडली आपण. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं."

"आणि डॉक्टर?" माझ्या मुलानं विचारलं.

"होणारच! नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी आहेच ना. तिथे शिकणार, तीच परत कॉलेजात कशाला? इलेक्ट्रॉनिक्समध्ये मार्क धो धो मिळतात. आणि आता डॉक्टरकडे सगळी मशीनंच असतात."

मुलगा म्हणाला, पप्पांचं लॉजिक बरोबर वाटतं. सून म्हणाली, बिल्डिंगमधल्या दोघांनी तेच घेतलंय. ते दोघं इंजिनिअर व्हायला निघाले होते, हे कुणी बघितलं नाही. पोरीला तर काय, एक विषय कमी म्हणजे झकास.

पोर क्लासमध्ये बायोलॉजीत पहिली यायची. हृदयाचे कप्पे, किडनीतल्या नळ्या, सगळं तोंडपाठ. बारावीची दिवाळी झाली आणि क्लासच्या मॅडमनी प्रत्येकाला कॉलेजातले विषय विचारले. हिनं सांगितले. मॅडमनी पेन खाली ठेवलं म्हणे. "अगं, बारावीला बायोलॉजीच नाही? क्लासमध्ये शिकलीस ते कोण धरणार? बोर्डाची बायोलॉजी पास लागते, प्रॅक्टिकलसकट. नाहीतर नीटमध्ये कितीही मार्क आण, कॉलेज तुला घेणार नाही."

त्या संध्याकाळी पोर घरी आली ती हे सांगतच. सुनेनं बापाला बोलावून घेतलं. व्याही आले, ऐकलं, आणि एरवी पुस्तकासारखं बोलणारा माणूस गावच्या भाषेवर आला. "असां कसां? असां कसां होतलां?"

"पप्पा, तुम्ही कुणाला विचारलं होतंत का?" सून ओरडली.

"कॉलेजात विचारलं. म्हणाले, इलेक्ट्रॉनिक्स मिळेल."

"मिळेल का ते विचारलंत! चालेल का ते कोण विचारणार?"

मग पोर उठली. "आजोबा, तुमच्या नादात माझी वाट लागली ना!" असं तोंडावर बोलून आत गेली आणि दार लावलं. पोर खोटं काय बोलली? व्याही त्या बंद दाराकडे बघत उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

पुढे मॅडमनीच वाट काढून दिली. आता आहे ती बारावी द्यायची, मग नुसत्या बायोलॉजीची वेगळी परीक्षा द्यायची, ते हल्ली चालतं. नीटची परीक्षा त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे वर्ष गेलंच. पोर दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बसली. आजोबांशी बोलायलाही लागली, कामापुरतं का होईना.

गेल्या रविवारी व्याही आमच्या गॅलरीत बसले होते. आत पोर मोठ्यानं पाठ करत होती. मी वाल सोलत होते. बोलायला काही नव्हतं म्हणून म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता? अठरा वर्षांची पोर. एका वर्षानं तिचं काय बिघडतंय?"

"तिचं कुठे गेलं वर्ष?" ते म्हणाले. "तिच्याकडे ढीगभर आहेत. शिकायला सहा तरी लागणार, विहीणबाई. माझ्या वयाचा मी हिशेब करून होतो. आता तो जमत नाही. ते वर्ष माझं गेलं."

मी कुणाला खोटा धीर देत नाही. त्यांनाही दिला नाही. सोललेले वाल बाजूला ठेवले आणि आत हाक मारली, "अगं, पुस्तक घेऊन इथे गॅलरीत बस. आजोबांना ऐकू येऊ दे."

पोर आली, त्यांच्याकडे न बघताच शेजारी टेकली, आणि पहिल्यापासून वाचायला लागली.