मिठागरावरची भाकरी

साठ सालच्या आसपास मी उरणला मास्तर होतो. स्वतःला शिव्या देण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर फळ्यावर साधी बेरीज चुकली. साहेब हसले, विसरले आणि मासळी जेवायला गेले. मी मात्र शिक्षा म्हणून दिवसभर उपाशी राहिलो.

घरी जाताना मिठागर लागे. तिथे राबणारा म्हातारा रोज दिसायचा, पण नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी भरतीचं पाणी अडवणारी झडप लावायला तो विसरला होता. बांध फुटून महिनाभराचं मीठ विरघळलं होतं. आणि कपाळ बडवायचं सोडून हा गृहस्थ चक्क भाकरी-सुकट खात बसला होता! त्याच्या वतीने मलाच लाज वाटली.

“काही वाटत नाही का हो तुम्हाला?” मी विचारलं.

“वाटतं ना, मास्तर. चूक माजीच हाय. पन चूक करनाऱ्याला उपाशी ठेवला, तर बांध कोन घालील?”

मग माझ्या उतरलेल्या तोंडाकडे बघून त्याने अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. स्वतःला शिस्त कशी लावावी, हे मी त्याला नक्कीच ऐकवलं असतं. पण माझ्या तोंडात घास होता.