आत्याची घडी

आमच्या आत्याचं एका घडीवर कधी भागलं नाही. घडी घातलेली चादर उलगडायची, कडा जुळवायच्या, पुन्हा घडी घालायची. लढाईच्या काळात ती विमानतळावर पॅराशूटच्या घड्या घालून ती बांधायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, तिथल्याच बॉम्बफेकी विमानात शेपटीकडची बंदूक सांभाळायचा. त्याच्या पॅराशूटला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. काका परत आला नाही. त्याचं पॅराशूट उघडलंच नाही, असं कळलं. तेव्हापासून आत्यानं स्वतःला जे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, ते कायमचं.

पॅराशूट उघडलं नाही हे सांगणारा त्याच विमानातून वाचलेला वायरलेसवाला. लढाईनंतर त्यानं रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आमच्या घरचाच होऊन गेला. आम्ही त्याला रेडिओकाका म्हणायचो. आमचा रेडिओ धडधाकट असला तरी हा उघडून बसायचा. मला वाटायचं, चहासाठी येतो लेकाचा.

एका दुपारी तो असाच बसला होता. शेजारी आत्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. मला अवदसा आठवली. म्हटलं, "आत्या, अभ्रा काय आकाशातून उडी मारणार आहे?"

ती चिडली नाही. "एकदा घाई केली असणार मी," म्हणाली. "पोर हकनाक गेलं."

रेडिओकाकानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मान वर न करता म्हणाला, "ताई, त्याचं पॅराशूट उघडलं होतं. मी खाली आलो ते त्याच पॅराशूटनं."

विमान पेटल्यावर रेडिओकाकानं खुंटीवरचं आपलं पॅराशूट ओढलं ते पट्ट्याऐवजी उघडायच्या मुठीला धरून. विमानातच सगळं कापड पसरलं. माझ्या काकानं स्वतःचं काढून याच्या छातीला अडकवलं. "पायलट उतरवतोय विमान, मी येतो मागनं," म्हणाला आणि ढकलून दिलं. विमान उतरण्यातलं राहिलं नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. स्वतःच्या चुकीची लाज वाटून यानं साहेबांना खोटंच सांगितलं, की काकाचं पॅराशूट उघडलं नाही. ते बांधणारी कोण, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा जीभ रेटेना.

"दर वेळी ठरवून यायचो, ताई. आज सांगू म्हणून." तो रडत होता. मला त्याची कीव आली नाही, संतापच आला.

आत्यानं विचारलं, "हिसका बसला?"

"बसला. लगेच उघडलं."

तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं रे," म्हणाली. "आईला सांगायचं होतंस. जाईपर्यंत तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही."