धारूरच्या माळावर दम तुटला

घाटनांदूर स्टेशनावर उतरलो आणि लक्ष्मीने, म्हणजे माझ्या पत्नीने, माझी शिट्टी जोरात फुंकली. गार्ड दचकून मागे बघू लागला! शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत पंच म्हणून निजामाच्या मुलखात मी वर्षानुवर्षं हिंडलो, पण तिला सोबत आणलं ते पहिल्यांदाच. "तुम्ही करता तरी काय, बघायचंय मला," असं म्हणून ती निघाली होती.

दमणीने (हलक्या बैलगाडीने) मोमिनाबादेत, म्हणजे अंबाजोगाईत, मुक्काम केला आणि सकाळी बालाघाटचा रस्ता धरला. वाटेत सीताफळं घेतली. बी कुणाची लांब जाते यावर आमची पैज लागली. पंच कुणी नव्हता, त्यामुळे भांडण झालं.

धारूरचा किल्ला दिसला तसा माळही दिसला. माणसांनी फुलून गेलेला! धारूरच्या शाळेची मोमिनाबादच्या शाळेशी फुटबॉलची लढत होती. बरोबरी झाली आणि एका दणक्यात चेंडू उतारावरून गडगडत थेट बाभळीत गेला. निम्मं गाव मागे धावलं. परत आला तो चपटा होऊन. दुसरा चेंडू नव्हता.

आमचे यजमान, धारूरचे देशमुख, उठले. "मास्तर, हुतुतूवर करा फैसला!"

दोन्ही शाळा कबूल झाल्या. शेवटी धारूरचा एकच उंच गडी उरला, समोर मोमिनाबादचे दोघे. त्याने चढाईत दोघांनाही शिवलं, पण एकाने पाय धरला. तो फरफटत मधल्या रेषेकडे आला. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. हात रेषेला लागला, पण त्याआधी आवाज थांबला होता.

"बाद!"

धारूर हरलं होतं. आणि जेवण देशमुखांकडेच होतं.

"कावून बाद?" देशमुख गरजले.

"दम आधी तुटला. मी ऐकलं."

ते गड्याकडे वळले. "खरं सांग बे. तुटलता का?"

"तुटलता, काका," तो धापा टाकत म्हणाला.

देशमुख खदखदून हसले. "मग मास्तरांचा कान लई तिखट हाय! चला, जेवाया!"

येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पुडीची) झणझणीत आमटी आणि जोंधळ्याची भाकरी. दोन्ही संघ एकाच पंगतीत बसले.

परतीच्या वाटेवर लक्ष्मीला हसू आवरेना. बायकांत तिच्या शेजारची म्हणाली होती, "कुठला मेला पंच आणलाय!" हिने शांतपणे सांगितलं, "माझाच आहे." बिचारीने जीभ चावली आणि हिला ओंजळभर शेंगा दिल्या.

मग हिलाच हुक्की आली. समोरच्या बाभळीपर्यंत एका दमात जाते म्हणाली आणि दमणीत बसूनच "हुतुतुतु" सुरू केलं. गाडीवान बैल आवरून हसू लागला. बाभूळ दोन हातांवर राहिली आणि आवाज थांबला.

"बाद," मी म्हणालो.

घाटनांदूर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. इतक्या वर्षांत सामन्यांवरून घरी मी फक्त बसलेला घसा आणत आलो. या खेपेला शेजारी रुसवा होता आणि मला गाणं सुचत होतं. आगगाडी हलली तशी ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली,

"पुढचा सामना कुठे आहे हो?"