पुडीवरचा कप

श्रावणभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला तेव्हा मी डोळ्यांत औषध घालून पडले होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच ती बोलली आणि फोन तिच्या नवऱ्याने घेतला. औषध घातल्यावर पाच मिनिटं डोळे उघडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांना हेच सांगत आलेली मी मुकाट्याने पाच मिनिटं तशीच पडून राहिले. त्याला आता पाच आठवडे होतील. मध्यंतरी कन्हानला शोकसभा झाली. लोक चांगलं बोलले, मनापासून बोलले. त्यातच एक गृहस्थ म्हणाले की श्रावण पराते कंपाउंडर म्हणजे काही देव नव्हते, त्यांच्या हातून एक चूक झाली होती, पण त्या चुकीतून ते शिकले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे तिथे उठून सांगायचं मला सुचलं, पण जमलं नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

कन्हानच्या एका खाजगी दवाखान्यात आम्ही दोघं पंचवीसेक वर्षं बरोबर होतो. डॉक्टर आत, मी इंजेक्शनं आणि मलमपट्टीला, आणि श्रावणभाऊ औषधाच्या खिडकीत. ते मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरचे. लहानपणी वडील लुगड्याच्या किनारीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचे, ते बघून बघून त्यांची नजर तयार झाली असावी. कुठलीही वस्तू त्यांना आधी चौकोन, गोल नाही तर तिकोन दिसायची. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती. सकाळची गोळी कोणती, दुपारची कोणती, हे घरी जाईपर्यंत त्या विसरून जात. मग श्रावणभाऊ कागदाच्या पुडीवर चित्र काढून देऊ लागले. ताट म्हणजे एक मोठा गोल आणि आत दोन लहान गोल, ही दुपारची गोळी. खाट म्हणजे आडवा चौकोन आणि खाली चार रेघा, ही झोपतानाची. बादली, कढई, मडकं, हापशी... तुम्ही नाव घ्या, ते तीन-चार रेघांत पुडीवर हजर करत. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाले, "यात काय हाय वं शीला? अख्ख्या घरात तीनच गोष्टी हायेत. गोल, चौकोन अन् तिकोन. बाकी सारं त्याचंच जमवलेलं."

सकाळचं चित्र मात्र काही केल्या बसेना. आधी ते आडव्या रेघेवर अर्धा गोल काढायचे, उगवता सूर्य म्हणून. पण मावळता सूर्यही तसाच दिसतो, आणि बायका सकाळची गोळी खुशाल दिवेलागणीला घ्यायच्या. एका सोमवारी दवाखाना तुडुंब भरला होता. श्रावणभाऊ खिडकीतून मान वळवून म्हणाले, "सकाळसाठी काय काढू, सांग ना वं." मी एका पोराच्या दंडाला पट्टी बांधत होते. वर न बघताच म्हटलं, "कप काढा ना. सकाळी चहा तर सगळेच पेतात."

ते जरा थांबले. "दिवसभर पेतात ना वं लोकं?"

"आमच्या घरी तर एकदाच होते," मी म्हटलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं एवढंच. खाली निमुळता चौकोन, कडेला कानासारखा अर्धा गोल, बुडाशी चपटी बशी, वर वाफेच्या दोन रेघा. सुरेख कप होता, खोटं कशाला सांगू.

यमुनाबाई ही खाणीच्या फाटकाजवळ चहाची टपरी चालवणाऱ्याची आई. साठीची बाई, हृदय कमकुवत, दिवसभर मुलाजवळ टपरीवर बसून असायची. डॉक्टरांनी तिला हृदयाची बारीक गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक, पंधरा दिवसांच्या पंधरा. तिसऱ्याच दिवशी ती मुलाच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्यात आली. ओकाऱ्या होत होत्या, नाडी हाताला लागत नव्हती, आणि मुठीत रिकामी पुडी होती. मी तिला टेबलावर निजवलं तेव्हा ती मलाच म्हणाली, "चहा झाला का घेत होती मी बाई. बरोबर हाय ना?" तिला वाटत होतं की ती आमचं म्हणणं अगदी नेमाने पाळते आहे. तिला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. आठव्या दिवशी ती गेली. हृदय आधीच थकलं होतं, गोळ्यांनीच असं झालं हे छातीठोक सांगता यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हाही ते सांगता आलं नाही आणि आजही येत नाही, आणि मला सगळ्यात छळतं ते हेच.

तिला हलवल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांनी ती पुडी आमच्यासमोर धरली. यमुनाबाईचा मुलगा दारातच उभा होता. "हे कोणी काढलं?"

"मी काढलं, साहेब," श्रावणभाऊ म्हणाले.

ते खरंच होतं, त्यांनीच काढलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कापसाचे बोळे करत होते, ते करतच राहिले. डॉक्टर त्यांना वाटेल तसं बोलले, तो मुलगा बोलला, पुढे बाजारातही लोक बोलले. माझी नोकरी नवी होती, घरात कमावणारी मी एकटी होते, ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ती खरी आहेत, पण त्यांनी माझं समाधान कधीच झालं नाही. आज-उद्या बोलू म्हणता म्हणता वर्षं गेली.

दोन-तीन महिने श्रावणभाऊंनी एकही चित्र काढलं नाही. मग पुन्हा सुरू केलं, पण नवा नियम करून. आता ते आपल्या मनाने काही काढत नसत. पेशंटलाच विचारत, "तुमच्या घरी सकाळी एकदाच होते, असं काय हाय?" ती जे सांगेल ते काढायचं, आणि मग तिच्याकडूनच वदवून घ्यायचं. काय हाय हे? कधी घ्यायची? दिवसातून किती वेळा? खिडकीसमोर रांग वाढायची, डॉक्टर आतून ओरडायचे, पण ते हलायचे नाहीत. एक नवी नवरी एकदा म्हणाली, "सकाळी... सासू." श्रावणभाऊंनी गंभीरपणे पेन उचललं. "काढतो ना. गोल डोस्कं, तिकोन अंग. पन सासू तर दिवसभर राह्यते ना वं बाई घरात. दिवसभर गोळ्या खाशील काय?" सगळी रांग हसली. शेवटी तिच्या पुडीवर हंडा निघाला, कारण त्यांच्या मोहल्ल्यात नळ सकाळी एकदाच यायचा. मी हसले नाही. 'एकदाच होते, असं काय' हा प्रश्न मला उद्देशून नाही हे कळत होतं, तरी दर वेळी तो मलाच विचारल्यासारखा वाटायचा. पुढे छापील पाकिटं आली, डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. कप मात्र त्यांनी पुन्हा कुणाच्याच पुडीवर काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या रामदासपेठेत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला घरी आणल्याचं कळलं तसे श्रावणभाऊ कन्हानहून बसने, सत्तरी उलटलेली असताना, मला बघायला आले. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नव्हतं, आणि उशाशी गोळ्यांची पाकिटं पडलेली. सुनेने त्यांवर बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ते मला वाचता येत नव्हतं. "थांब वं," म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं. ताट काढलं, खाट काढली. मग तिसरं पाकीट हातात धरून विचारलं, "सकाळी तुझ्या घरी एकदाच होते, असं काय हाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा."

त्यांचं पेन थांबलं. "एकदाच?"

"एकदाच."

"तवाही हेच म्हनली होतीस तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, जुनी गोष्ट आठवावी तसं म्हणाले. मग खाली मान घालून त्यांनी कप काढला. चौकोन, कान, बशी, वाफेच्या दोन रेघा. वाफ या वेळी जरा वाकडी झाली. पाकीट माझ्या पट्टी नसलेल्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून म्हणाले, "काय हाय हे?"

"कप."

"कधी घ्यायची?"

"सकाळी. दिवसातून एकदा."

एवढ्यावर त्यांनी मान डोलावली. बोलायची वेळ तीच होती. यमुनाबाईचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं... पण सून फराळाची ताटली घेऊन आली, आणि मला बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं होतं. बसची वेळ झाली म्हणून ते उठले. पुन्हा भेट झाली नाही.

गोळ्या केव्हाच संपल्या, पाकीट अजून उशाशी आहे. मी त्या दिवशीही त्यांना खोटंच सांगितलं होतं. आमच्या घरी चहा सकाळी होतो आणि दुपारी चार वाजता पुन्हा होतो, आणि चारच्या चहावाचून माझं डोकं चढतं. श्रावणभाऊ गेले त्या दिवसापासून मी तो घेत नाही. चार वाजले की सून विचारते, "आई, टाकू का तुमचा?" मी पाकिटाकडे बघते आणि म्हणते, "नको, माझा सकाळी झाला."